आवळणे सोपे, सोडणे अवघड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिराळा म्हटले की उभ्या महाराष्ट्राला नागपंचमी आठवते. एके काळी इथे जिवंत नागांची मिरवणूक निघे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांच्यामुळे त्या सणाचे रूप बदलत गेले. पण वारणा-मोरणेच्या काठच्या शेतकऱ्याला साप हा सणापुरता पाहुणा नाही. उसाच्या फडात, भाताच्या खाचरात, वैरणीच्या गंजीखाली तो असतोच. आणि साप चावला की पहिली हाक उठते ती 'दोरी आणा' अशी. सुतळी, कासरा, धोतराची चिंधी, जे हाती लागेल ते दंशाच्या वर करकचून आवळायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

मी याच तालुक्यातला. व्यवसायाने भूलतज्ज्ञ, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारा डॉक्टर. माझी बरीच वर्षे यकृताच्या शस्त्रक्रियांमध्ये रुग्णाच्या उशाशी उभे राहण्यात गेली. तिथेही एक दोरी असते. यकृताच्या देठाभोवती सर्जन एक कापडी फीत घालतात, ती रबरी नळीच्या तुकड्यातून ओवून घेतात आणि आवळतात. यकृताकडे जाणारे रक्त थांबते. त्या क्षणापासून मी घड्याळ बघू लागतो. 'पाच मिनिटे', 'दहा मिनिटे', असे मोठ्याने सांगणे हे माझे काम.

पायावरची दोरी आणि यकृतावरची फीत, दोन्हींचा प्रश्न एकच आहे. आवळून रक्त थांबवता येते, हे माणसाला फार पूर्वी कळले. ते किती वेळ थांबवायचे आणि परत कसे सोडायचे, हे यकृताच्या बाबतीत कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची ही हकिगत आहे.

आधी यकृताविषयी थोडेसे. आपण प्रेमाच्या, धाडसाच्या गोष्टी बोलताना काळीज हा शब्द हृदयासाठी वापरतो, पण खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर तो यकृतच देतो. माणसाचे यकृत साधारण दीड किलोचे असते. दर मिनिटाला त्यातून सुमारे दीड लिटर रक्त जाते. म्हणजे हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याच्या जवळपास चौथा हिस्सा. हे रक्त दोन वाटांनी येते. पाऊण भाग आतड्यांकडून पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून, आणि पाव भाग हृदयाकडून येणाऱ्या धमनीतून. या दोन्ही नळ्या आणि पित्ताची नळी एकत्र होऊन यकृताच्या खालच्या बाजूने आत शिरतात. वांग्याला देठ असावा तसा हा यकृताचा देठ. बाहेर जाणारे रक्त मात्र वरच्या, मागच्या बाजूने तीन मोठ्या शिरांतून निघते.

एवढे रक्त खेळते म्हणूनच यकृताला चाकू लावायला सर्जन घाबरत. निरोगी यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेला भाग वाढून काम भागवतो. अडचण होती ती कापताना होणाऱ्या रक्तस्रावाची. १८८८ मध्ये जर्मनीत कार्ल लांगेनबुख यांनी यकृताचा एक भाग ठरवून काढला, तेव्हा रक्तस्रावामुळे त्यांना त्या रुग्णाचे पोट पुन्हा उघडावे लागले होते.

यानंतरचे नाव जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांचे. ते ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीमध्ये सर्जन होते. अपघातात यकृत फाटलेले लोक त्यांच्याकडे येत. १९०८ मध्ये त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. यकृताच्या देठामागे एक नैसर्गिक फट असते. तिच्यात बोट घालायचे, वरून अंगठा ठेवायचा आणि चिमटीत देठ दाबून धरायचा. रक्ताचा लोंढा थांबतो आणि फाटले कुठे आहे ते दिसते. दुर्दैव असे की, प्रिंगल यांनी ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया केली ते रुग्ण वाचले नाहीत. तरीही त्यांनी युक्ती सोडून दिली नाही, सशांवर प्रयोग करून ती चालते हे दाखवले. आज जगभर यकृताच्या शस्त्रक्रियेत ही कृती 'प्रिंगल' याच नावाने ओळखली जाते. ट्रॅक्टर उलटून किंवा बैलाचे शिंग लागून यकृत फाटलेला माणूस आला, तर शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताशी पहिला उपाय आजही हाच असतो.

त्या काळी आपल्याकडे काय होते? डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागातल्या माणसाला 'मिरजेला नेले' या दोन शब्दांत मोठी शस्त्रक्रिया कळायची. प्रिंगल ग्लासगोत देठ दाबून बघत होते, तेव्हा मिरजेत वॉन्लेस शस्त्रक्रिया करत होते आणि पुढच्या पिढीचे डॉक्टर शिकवत होते. पोट उघडणे, मोतीबिंदू, मुतखडा यांत हात बसला होता. यकृत कापणे मात्र मिरजेतच काय, लंडनमध्येही नित्याचे झालेले नव्हते.

चिमटीने रक्त थांबले, तरी पुढचा प्रश्न उभा होता. देठ किती वेळ दाबून ठेवायचा? पुढे कुत्र्यांवर प्रयोग झाले. त्यांत वीस मिनिटांच्या पुढे गेले की कुत्री दगावत. त्यावरून नियम ठरला की, माणसाच्या यकृताचे रक्तही पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नये. हा नियम कित्येक वर्षे सर्जनच्या मानेवर बसला होता. वीस मिनिटांत यकृताचा मोठा भाग काढायचा म्हणजे घाई आली, आणि घाईत चुका आल्या.

या घाईवर एक तोडगा व्हिएतनाममधून निघाला. हनोईचे सर्जन तोन थात तुंग यांनी तरुणपणी मृतदेहांतील शेकडो यकृते हाताने उकलून त्यांतल्या नळ्यांची मांडणी समजून घेतली होती. ते देठ दाबत आणि चाकूऐवजी बोटांनी यकृताचा मऊ भाग चुरत जात. नळ्या चिवट असल्याने बोटांना लागत, मग त्या बांधायच्या. ही पद्धत त्यांनी १९६३ मध्ये इंग्लंडच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात मांडली. काही मिनिटांतच काम उरकत असल्याने यकृताला त्रास व्हायच्या आत रक्त परत सोडता येई.

मग १९७८ मध्ये फ्रान्सच्या क्लोद ह्यूगे यांनी दाखवले की, माणसाचे निरोगी यकृत तासाभराच्या आसपासही रक्तावाचून तग धरते. कुत्र्यांवरून काढलेला नियम माणसाला जसाच्या तसा लागू नव्हता. कुत्र्याची पोर्टल व्हेन दाबली की आतड्यांत रक्त तुंबते आणि कुत्रा त्या तुंबण्याने मरतो. माणसात आडवाटेने थोडे रक्त निघून जाते. इथे यकृताला एक तास उसंत मिळाली खरी, पण ती निरोगी यकृताला. ज्याचे यकृत दारूने, काविळीच्या विषाणूने किंवा चरबीने आधीच पोखरले आहे त्याला हा तास परवडत नव्हता. आणि शस्त्रक्रिया लागते ती बहुतेक वेळा अशांनाच.

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. रक्त थांबले म्हणून पेशी मरतात, हे कुणालाही पटेल. पण रक्त परत आले की त्या आणखी मरतात, हे पटायला वेळ लागला. याचा एक मोठा पुरावा यकृतापासून दूर, युद्धात मिळाला. १९४० आणि ४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखाली हात-पाय अडकलेली माणसे काही तासांनी बाहेर काढली जात. बाहेर येताना ती बोलत असत, बरी दिसत. पण दाब निघाल्यावर काही वेळातच पाय सुजे, रक्तदाब उतरे, लघवी काळपट होई, आणि आठवड्याभरात मूत्रपिंडे बंद पडून अनेकांचा अंत होई. डॉ. एरिक बायवॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४१ मध्ये हे वर्णन प्रसिद्ध केले. दगडाखाली असताना जिवंत राहिलेला माणूस दगड उचलल्यावर मेला, कारण मेलेल्या स्नायूंतली घाण परत सुरू झालेल्या रक्ताबरोबर सगळ्या शरीरात पसरली.

यकृतात काय होते? रक्त थांबले की प्राणवायू संपतो. पेशीचे इंधन संपते, तिच्या भिंतीवरचे पंप बंद पडतात आणि ती फुगते. याच वेळी तिच्यात अर्धवट जळालेले पदार्थ साठतात. फीत सोडल्यावर प्राणवायू एकदम आत येतो आणि या साठ्यातून अतिशय जहाल असे प्राणवायूचे कण तयार होतात. ते पेशीच्या आवरणालाच लागतात. १९८० नंतरच्या दशकात जो मॅकॉर्ड आणि इतरांनी ही साखळी उलगडली. त्यात यकृताचे पहारेकरी भर घालतात. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेने कुप्फर पेशी बसलेल्या असतात. आतड्यांतून येणारे जंतू खाणे हे त्यांचे काम. रक्त परत आले की त्या खवळतात आणि पांढऱ्या पेशींना बोलावतात. त्या गर्दीने बारीक वाहिन्या तुंबतात. मुख्य नळ उघडा असून टोकाच्या वाफ्यात पाणी पोचत नाही, अशी अवस्था होते.

वाफ्याचा दाखला मी मुद्दाम दिला. आमच्या तालुक्यात चांदोलीचे धरण आहे आणि पाण्याच्या पाळीवर माणसे रात्री जागतात. पाणी सलग बंद ठेवले तर पीक वाळते, पण थोडे थोडे पाळीने दिले तर महिना निघतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सर्जनही याच वाटेने गेले. फीत पंधरा मिनिटे आवळायची, पाच मिनिटे सोडायची, पुन्हा पंधरा मिनिटे आवळायची. १९९९ मध्ये पॅरिसजवळच्या रुग्णालयातून जाक बेलघिती आणि सहकाऱ्यांनी ८६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचा देठ सलग दाबला, काहींचा पाळीने. पाळीच्या पद्धतीत कापताना थोडे जास्त रक्त गेले, कारण फीत सुटली की कापलेली जागा वाहू लागते. पण यकृताला, विशेषतः आधीच आजारी असलेल्या यकृताला, ती पद्धत अधिक मानवली. जपानच्या मासातोशी माकुउची यांनी १९८०च्या दशकात आणखी एक तऱ्हा काढली. ज्या अंगावर काम चालले आहे तेवढ्याच अर्ध्या यकृताचे रक्त थांबवायचे, दुसरे अंग भिजत ठेवायचे.

याच सुमारास हृदयाच्या अभ्यासातून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. १९८६ मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी पाच मिनिटे बंद केली, पाच मिनिटे उघडली, असे चार वेळा केले. मग ती सलग चाळीस मिनिटे बंद ठेवली. अशी तालीम न मिळालेल्या हृदयात जेवढा भाग मेला, त्याच्या चौथा हिस्साच तालीम मिळालेल्या हृदयात मेला. आधी सोसलेल्या थोड्या उपासाने मोठा उपास सोपा झाला. यकृतावर ही तालीम पिएर क्लाव्हियाँ यांच्या चमूने आणली. दहा मिनिटे आवळणे, दहा मिनिटे सोडणे आणि मग मुख्य शस्त्रक्रिया. २००३ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांचे निष्कर्ष मांडले. रक्ततपासणीच्या कागदावर आपण एसजीपीटी वाचतो, ते यकृताच्या पेशी फुटल्या की वाढते. तालीम दिलेल्या रुग्णांत ते कमी वाढले. यकृतात चरबी असलेल्यांना फायदा झाला, साठीच्या पुढच्यांना मात्र तो फारसा दिसला नाही.

माझ्या धंद्याचाही यात वाटा आहे. देठ आवळला तरी वरच्या मोठ्या शिरांतून रक्त उलटे येते. तो प्रवाह थांबवणे सर्जनच्या हातात नसते, ते आमच्या हातात असते. सलाइन हात राखून द्यायचे, शिरांतला दाब उतरता ठेवायचा आणि यकृत कापून झाल्यावर ती तूट भरून काढायची, ही रीत १९९०च्या दशकात रुळली. त्याआधी रक्त जाणार म्हणून आधीच भरपूर सलाइन दिले जाई. शिरा तुडुंब भरत आणि रक्त आणखीच जाई. पुढे २००८ मध्ये झुरिकच्या चमूने दाखवले की, देठ आवळण्यापूर्वी अर्धा तास सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू दिला तर यकृताला होणारी इजा कमी होते. भूल ही झोपेची सोय, एवढेच समजणाऱ्यांना याचे नवल वाटेल.

आणि आता पुन्हा पायावरची दोरी. १९९३ मध्ये असे आढळले की, हृदयाच्या एका भागाला तालीम दिली तर शेजारचा भागही वाचतो. मग प्रश्न निघाला, दूरच्या अवयवाला तालीम दिली तर? २००६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सशांच्या मागच्या पायाला पट्टा आवळून, सोडून, पुन्हा आवळून पाहिले. त्या सशांच्या यकृताला नंतरची इजा कमी झाली. पायावरची दोरी यकृताला वाचवते, हे वाचून माझ्यासारख्या शिराळ्याच्या माणसाला काय वाटले असेल याची कल्पना करा. पण सशाचे पाऊल माणसात तसेच पडले नाही. २०१५ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या चाचण्यांत, दंडाला पट्टा फुगवून तालीम देऊनही रुग्णांना लाभ झाला नाही. त्यांपैकी बहुतेकांना प्रोपोफॉल हे भुलीचे औषध दिले होते, त्यानेच परिणाम झाकला असावा अशी एक शंका आहे. यकृताच्या बाबतीत छोट्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. म्हणजे ही तालीम अजून प्रयोगशाळा आणि चाचण्यांच्या अंगणातच आहे.

प्रत्यारोपणात हाच प्रश्न तासांच्या मापाने येतो. तिथे यकृत एका देहातून निघून दुसऱ्यात जाते, मधला काळ पूर्ण उपासाचा. बर्फाने पेशींची भूक मंदावते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांच्या द्रवामुळे थंड यकृत टिकवण्याचा काळ बराच वाढला. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि देशातले पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले. आज आपल्या भागातल्या अवयवदानाचे काम पुण्याच्या विभागीय समन्वय समितीमार्फत चालते. महामार्गावर पोलिस रस्ता मोकळा करून अवयवाची गाडी सोडतात, ती या उपासाची मिनिटे वाचवण्यासाठी. अलीकडे यकृत नुसते बर्फात न ठेवता यंत्रावर चढवून त्यातून द्रव किंवा रक्त खेळते ठेवतात. २०१८ आणि २०२१ मध्ये युरोपातून आलेल्या मोठ्या चाचण्यांनी या यंत्रांचा उपयोग दाखवला.

शस्त्रक्रियागृहात एवढी व्यवस्था असते. फीत आवळणारा कोण, मिनिटे मोजणारा कोण, सोडताना औषधे आणि रक्त हाताशी आहे की नाही, हे सगळे आधी ठरलेले असते. सर्पदंशाच्या दोरीमागे यातले काहीच नसते. आवळली किती वाजता हे सांगणारा नसतो, सोडताना काय होईल हे पाहणारा नसतो. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर त्या विषाने मांस आधीच सडत असते. वरून दोरी आवळली की तेवढ्या भागाला रक्तही मिळत नाही आणि पाय गमावण्याची वेळ येते. नाग किंवा मण्यार चावला असेल तर घट्ट दोरी एकदम सोडल्यावर अडलेले विष लोंढ्याने शरीरात जाऊन श्वास बंद पडू शकतो.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांतली बहुतेक खेड्यातली. म्हणून आज सर्पदंशावरच्या राष्ट्रीय सूचना दोरी बांधू नका असे सांगतात. माणसाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका. चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. कुणी आधीच दोरी आवळली असेल आणि ती घट्ट असेल, तर वाटेत झटक्यात तोडू नका. रुग्णालयात सलाइन लावून, प्रतिविष आणि श्वासाची नळी तयार ठेवून डॉक्टर ती सोडतील. आणि दंश किती वाजता झाला, दोरी किती वाजता बांधली, एवढे मात्र लक्षात ठेवा. तिथे पोचल्यावर डॉक्टर आधी तेच विचारतील.